शेवटचे जेवण नेहमीच दोषी नसते

पोट बिघडले की पहिला संशय शेवटच्या जेवणावर जातो. तो अनेकदा चुकतो, कारण अन्नविषबाधा हा एकच आजार नाही. खाल्ल्यापासून त्रास सुरू होईपर्यंत गेलेला वेळ आणि त्रासाचे स्वरूप यांवरून खऱ्या कारणाचा माग काढता येतो. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू हाताळणाऱ्याच्या हातांवरून मिठाईत उतरतो आणि विष तिथेच तयार करतो. विष आयते मिळाल्याने अर्ध्या ते आठ तासांत मळमळ आणि उलट्या सुरू होतात. विषाची खबर व्हेगस मज्जातंतूमार्फत मेंदूपर्यंत पोहोचते आणि शरीर पोट रिकामे करू लागते. बहुतेक जण दिवसभरात सावरतात. साल्मोनेला मात्र जिवंत पोटात जातो आणि आतड्याच्या अस्तरात शिरून तिथे दाह निर्माण करतो. त्यामुळे ताप, मुरडा आणि जुलाब ६ तासांपासून ६ दिवसांपर्यंत केव्हाही सुरू होऊ शकतात. कॅम्पिलोबॅक्टरला तर बहुधा २ ते ५ दिवस लागतात. अशा वेळी काल रात्रीच्या भेळेला बोल लावून उपयोग नसतो; कारण परवाच्या कच्च्या राहिलेल्या चिकनमध्ये असू शकते.

अन्न पुन्हा चांगले गरम केले तर धोका टळतो, असे कोणी म्हणेल. साल्मोनेलाच्या बाबतीत ते खरे आहे, पण उरलेल्या भाताच्या बाबतीत नाही. बॅसिलस सिरियसचे बीजाणू भात शिजतानाही टिकतात. भात रात्रभर ओट्यावर राहिला की ते रुजतात, आणि त्यांच्यापासून वाढलेल्या जिवाणूंचे उलट्या घडवणारे विष १२१ अंश सेल्सिअसलाही नष्ट होत नाही. मग फोडणी कितीही खमंग असो, विष तसेच राहते. म्हणून उरलेला भात लवकर फ्रिजमध्ये ठेवणे हाच खरा उपाय.

उपचार तर क्षारसंजीवनीचाच, मग कारण शोधायचे कशाला, हा आक्षेपही रास्त वाटतो. शरीरातले पाणी आणि क्षार भरून काढणे हा मुख्य उपचार आहेच. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाच्या द्रावणाने असंख्य पटकीग्रस्तांचे प्राण वाचवले. पण आयत्या विषावर प्रतिजैविके निरुपयोगी असतात, तर ताप आणि रक्ताचे जुलाब असताना जुलाब थांबवणारी गोळी घातक ठरू शकते. शिवाय दूषित पदार्थ ओळखला नाही, तर तो इतरांच्याही ताटात जातो. म्हणून डॉक्टरांना केवळ शेवटचे जेवण न सांगता मागच्या काही दिवसांतले खाणे आणि त्रास सुरू झाल्याची वेळही सांगावी.