सोरायसिसचे बदलते प्रमाण : आकडे कसे वाचावेत?

प्रस्तावना

सोरायसिस हा त्वचेचा दीर्घकाळ चालणारा विकार आहे. शरीराच्या प्रतिकारयंत्रणेतील बिघाडामुळे त्वचेच्या पेशी नेहमीपेक्षा फार वेगाने तयार होतात आणि कोपर, गुडघे, डोके अशा ठिकाणी लालसर चट्टे व त्यांवर चंदेरी पापुद्रे दिसतात. हा विकार स्पर्शाने पसरत नाही. उपचारांनी तो आटोक्यात राहतो, मात्र कायमचा जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2014 मध्ये ठराव करून त्याकडे सर्व देशांचे लक्ष वेधले. तेव्हापासून 'हा रोग वाढत आहे' असे विधान वारंवार केले जाते. ते कितपत खरे आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

व्याप्ती आणि नवे रुग्ण

रोगाचे प्रमाण दोन प्रकारे मोजले जाते. एखाद्या वेळी लोकसंख्येत एकूण किती रुग्ण आहेत ती व्याप्ती. आणि वर्षभरात किती जणांना रोग नव्याने जडला तो नवरुग्णदर. मशिदीतील वजूच्या हौदाचे उदाहरण घेतल्यास हा फरक स्पष्ट होतो. हौदातील पाण्याची पातळी म्हणजे व्याप्ती आणि नळातून येणारी धार म्हणजे नवरुग्णदर. धार तेवढीच राहिली, पण पाणी बाहेर जाण्याचा वेग कमी झाला, तरी पातळी वाढते. सोरायसिस आयुष्यभर सोबत राहत असल्याने रुग्णांचे आयुर्मान वाढले की व्याप्तीही वाढते. त्यासाठी रोग अधिक जणांना जडण्याची गरज नसते.

तीन ठिकाणच्या नोंदी

अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या ओमस्टेड परगण्यात रहिवाशांच्या वैद्यकीय नोंदी अनेक दशके जपून ठेवल्या आहेत. त्यांनुसार 1970 ते 1974 या काळात दर लाख प्रौढांमागे वर्षाला 50.8 नवे रुग्ण आढळत. 1995 ते 1999 या काळात हा आकडा 100.5 झाला. मुलांमध्येही याच कालखंडात तो 29.6 वरून 62.7 वर गेला. येथे धारच दुप्पट झाल्याचे दिसते.

नॉर्वेतील ट्रॉम्सो शहरात लोकांनाच प्रश्न विचारून पाहणी झाली. आपल्याला कधी ना कधी सोरायसिस झाला होता, असे सांगणाऱ्यांचे प्रमाण 1979-80 मध्ये 4.8 टक्के होते. 2007-08 मध्ये ते 11.4 टक्के झाले. मात्र हे आकडे लोकांच्या स्वतःच्या सांगण्यावर आधारलेले आहेत. रोगाविषयीची माहिती वाढली की 'होय' म्हणणारेही वाढू शकतात, ही शक्यता ध्यानात ठेवावी लागते.

ब्रिटनमधील कुटुंबवैद्यांच्या नोंदींत 1999 मध्ये 2.3 टक्के असलेली व्याप्ती 2013 मध्ये 2.8 टक्के झाली. पण या काळात नवरुग्णदर वाढला नाही. रुग्णांचा मृत्युदर मात्र घटला. म्हणजे येथे धार वाढली नसून पाणी अधिक काळ साठून राहिले.

तीनही ठिकाणी 'प्रमाण वाढले' हे विधान खरे आहे, पण प्रत्येक ठिकाणी त्याचा अर्थ निराळा आहे.

वाढीची संभाव्य कारणे

आनुवंशिक घटक दोन-तीन दशकांत बदलत नाहीत. म्हणून खरी वाढ असेल तर तिची कारणे राहणीमानात शोधावी लागतात. लठ्ठपणा, धूम्रपान, मद्यपान, घशाचा जंतुसंसर्ग आणि काही औषधे यांचा या विकाराशी संबंध आढळला आहे. दुसरीकडे, निदान सुधारले की पूर्वी न नोंदलेले रुग्णही नोंदीत येतात. एकोणिसाव्या शतकात तर सोरायसिस आणि कुष्ठरोग यांची नावेही एकमेकांत मिसळलेली होती. व्हिएन्नाचे त्वचारोगतज्ज्ञ हेब्रा यांनी 1841 मध्ये हे दोन विकार स्पष्टपणे वेगळे केले. त्याआधीच्या आकड्यांशी आजची तुलना करणे त्यामुळे निरर्थक ठरते.

भारतातील स्थिती

भारतात ही व्याप्ती 0.44 ते 2.8 टक्के असल्याचे सांगितले जाते. हे आकडे मुख्यतः रुग्णालयात आलेल्या रुग्णांवर आधारलेले आहेत. जे दवाखान्यापर्यंत पोहोचत नाहीत ते त्यांत मोजले जात नाहीत. विवाहसंबंध मोडेल या भीतीने अनेक घरांत, विशेषतः मुलींच्या बाबतीत, चट्टे झाकून ठेवले जातात. अशी लपवाछपवी रुग्णाचे नुकसान करतेच, शिवाय आकडेही खोटे ठरवते.

समारोप

एखाद्या समाजातील दीर्घकालीन कल समजण्यासाठी तोच प्रश्न, त्याच शब्दांत, त्याच वस्तीत, ठरावीक वर्षांच्या अंतराने विचारावा लागतो आणि उत्तरांची डॉक्टरांकडून पडताळणी करावी लागते. वस्तीशी जवळचा संबंध असलेल्या शैक्षणिक संस्था व धर्मादाय दवाखाने यांना हे काम अल्प खर्चात करता येण्यासारखे आहे. त्यासाठी पहिली अट एकच : हा रोग संसर्गजन्य नाही, हे घराघरांत पोहोचले पाहिजे. रुग्णाला सांगण्याची भीती उरली नाही, तरच नोंदवहीतील आकड्यावर विश्वास ठेवता येईल.