पाच ते दहा फुटांतली आपली देशी झुडपं

कुंपणालगत मध्यम उंचीचं झाड हवं म्हटलं की रोपवाटिकेत हमखास ड्युरांटा किंवा बोगनवेल पुढे केली जाते. दोन्ही मूळची अमेरिका खंडातली. आपल्या सह्याद्रीत याच उंचीची किती देखणी झुडपं आहेत!

माझी पहिली पसंती धायटीला. मुरमाड जमीन आणि भरपूर ऊन, एवढ्यावर ती भागवते. हिवाळा सरता सरता फांद्या लालभडक नळीदार फुलांनी भरून जातात आणि शिंजीर दिवसभर तिथेच घुटमळतात. आयुर्वेदात आसव-अरिष्टं आंबवायला वापरतात ती फुलं हीच. दाट सावलीत मात्र धायटी लावू नका.

मुरुडशेंग जरूर बघा. ताजं फूल विटकरी लाल, जुनं होताना निळसर राखाडी. एकाच फांदीवर दोन्ही रंग दिसतात. मग येतात पीळ घातलेल्या शेंगा.

काटेरी कुंपण हवं असेल तर करवंद, अर्धवट सावलीत अडुळसा. कढीपत्ता बहुतेकांकडे असतोच. त्याच्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काही दिसलं तर झटकू नका, ती कॉमन मॉरमॉन फुलपाखराची अळी असू शकते. मोठी झाली की हिरवी होते. चार पानं खाऊ द्या तिला!

लागवड दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर करा. पहिल्या उन्हाळ्यात पाणी द्यावंच लागतं. रोपं देशी झाडांच्या रोपवाटिकेतूनच घ्या, रानातून उपटून आणू नका. आणि दोन धायट्यांमध्ये सहा फूट तरी अंतर ठेवा, ती चांगलीच पसरते.