शेक, रक्त आणि एक समीकरण

कोल्हापुरातल्या कसबा बावड्याच्या डी. वाय. पाटील विद्यापीठात २०१० नंतरच्या काही वर्षांत एका वेगळ्या शेकाची तयारी चालली होती. लँथॅनम, स्ट्रॉन्शियम आणि मँगनीज यांची नायट्रेटं पाण्यात विरघळवायची, इंधन म्हणून पॉलिव्हिनाइल अल्कोहोल मिसळायचं आणि तापवत राहायचं. पाणी आटून चिकट लगदा उरतो, तो पेट घेतो आणि खाली राहते काळी भुकटी. तिचे कण मिलिमीटरभर जागेत ओळीने लावले तर हजारोंनी मावतील. प्रा. एस. एच. पवार यांच्या मार्गदर्शनाखाली नानासाहेब थोरात, विश्वजीत खोत, अश्विनी साळुंखे हे तरुण संशोधक या कामात होते. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रघुमणी निंगथौजम यांची साथ होती. २०१२ आणि २०१३ साली या गटाचे निबंध ‘डाल्टन ट्रान्झॅक्शन्स’मध्ये आले. २०१४ मध्ये साळुंखे, खोत आणि पवार यांनी या सगळ्या क्षेत्राचा आढावा घेणारा लेख लिहिला.

हे कण कर्करोगाच्या गाठीत सोडायचे आणि बाहेरून वेगाने दिशा बदलणारं चुंबकीय क्षेत्र लावायचं. कण तापतात, गाठ ४२ ते ४६ अंशांपर्यंत पोचते, तिथल्या पेशी खचतात आणि किरणोपचाराला किंवा औषधाला लवकर दाद देतात. कल्पना जुनी आहे. १९५७ मध्ये अमेरिकेत गिलख्रिस्ट आणि सहकाऱ्यांनी लसिकाग्रंथी अशाच तापवून पाहिल्या होत्या. फेराइटसारख्या चुंबकीय पदार्थांवर कोल्हापुरात आधीपासून पुष्कळ काम झालेलं होतं, त्यामुळे हा विषय इथे रुजला यात नवल नाही.

दशकभरानंतर हे निबंध पुन्हा वाचताना मला एक प्रश्न सारखा दिसत राहतो. कण किती तापतात हे कुपीतल्या द्रवात मोजतात, एका ग्रॅममागे किती वॅट, या हिशेबाने. कुपीतलं पाणी जागचं हलत नाही. शरीरातलं रक्त मात्र थांबत नाही, आणि कणांनी दिलेली उष्णता ते घेऊन जातं. किती नेतं?

हा प्रश्न गणितात पहिल्यांदा नीट मांडला गेला १९४८ साली. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात हॅरी पेन्स यांनी निरोगी माणसांच्या कोपराखालच्या हातातून थर्मोकपलची बारीक तार आरपार ओढली आणि कातडीपासून खोलवर तापमान कसं बदलतं ते टिपलं. मग त्यांनी उष्णतावहनाच्या नेहमीच्या समीकरणात दोन पदं वाढवली. एक चयापचयाच्या उष्णतेचं, दुसरं रक्ताचं. धमनीतल्या रक्ताचं तापमान आणि ऊतीचं तापमान यांतला फरक जितका मोठा, तितकी जास्त उष्णता रक्त देतं किंवा घेतं. हजारो रक्तवाहिन्यांचं जाळं त्यांनी एका संख्येत बसवलं.

हे धाडस सगळ्यांना पटलं नाही. १९७४ मध्ये वुल्फ यांनी त्याच्या पायावरच बोट ठेवलं. १९८० मध्ये चेन आणि होम्स यांनी दाखवलं की केशवाहिन्यांपर्यंत पोचेतो रक्त आसपासच्या ऊतीइतक्याच तापमानाचं झालेलं असतं, देवाणघेवाण आधीच, थोड्या मोठ्या वाहिन्यांत, उरकलेली असते. १९८४-८५ मध्ये वाइनबाम आणि जिजी यांनी आणखी एक गोष्ट पुढे आणली. धमनी आणि शीर शेजारीशेजारी चालतात, त्यामुळे बाहेर निघालेली बरीच उष्णता परतीच्या रक्तातच शिरते. हे सगळं खरं आहे. तरी १९९८ मध्ये विस्लर यांनी पेन्स यांची मूळ मोजमापं पुन्हा तपासली, तेव्हा समीकरण त्यांच्याशी चांगलं जुळलं. आजही दवाखान्याशी संबंधित बहुतेक हिशेब त्याच समीकरणाने होतात, आणि मला त्यात कमीपणा वाटत नाही. एका संख्येत रक्त सांगता येणं ही मोठी सोय आहे.

ती संख्या वापरून पाहू. विसावलेल्या स्नायूच्या एका घनमीटरमधून सेकंदाला साधारण अर्धा किलो रक्त जातं असं धरा. एक किलो रक्त एक अंशाने तापायला सुमारे ३६०० ज्यूल लागतात. म्हणजे ऊती रक्तापेक्षा सहा अंशांनी गरम ठेवायची, तर निव्वळ रक्ताची भरपाई म्हणून प्रत्येक घनसेंटिमीटरला ११ मिलिवॅटच्या आसपास द्यावे लागतील. उष्णतेचा पल्ला, म्हणजे रक्ताने वाहून नेण्याआधी ती ऊतीत साधारण जिथवर पसरते ते अंतर, दीड-पावणेदोन सेंटिमीटर येतो. पण शेक बसला की निरोगी ऊतीतल्या वाहिन्या फुलतात. प्रवाह दसपट झाला तर ११ चे ११० मिलिवॅट होतात आणि पल्ला अर्ध्या सेंटिमीटरवर येतो. गाठीतल्या वाहिन्या वेड्यावाकड्या असतात, त्यांना इतकं फुलता येत नाही. म्हणून गाठ तापते आणि शेजार बचावतो. सगळा उपचार या फरकावर उभा आहे, आणि हा फरक रुग्णागणिक, एकाच गाठीत जागोजागीही, बदलतो.

म्हणूनच कोल्हापूरच्या त्या काळ्या भुकटीचं मोल मला जास्त वाटतं. लँथॅनम-स्ट्रॉन्शियम मँगनाइट विशिष्ट तापमानाला चुंबकत्व गमावतं आणि मग तापणं जवळपास थांबतं. नेहमीच्या प्रमाणात ही मर्यादा शंभर अंशांच्या जवळ जाते, पण स्ट्रॉन्शियमचं प्रमाण आणि कणांचा आकार बदलून ती खाली आणता येते. ती पंचेचाळिशीच्या आसपास बसवता आली, तर रक्त कमी वाहिलं तरी कण ऊतीला भाजणार नाहीत. ज्या संख्येचा अंदाज समीकरणाला लागत नाही, तिची चूक पदार्थ स्वतःच सावरून घेईल. मात्र रक्त जास्त वाहिलं, तर कमी पडणारी उष्णता पदार्थ वाढवून देऊ शकत नाही. ती बाजू गणितानेच सांभाळायची.

त्याच काळात शिवाजी विद्यापीठाच्या गणित विभागात सचिन भालेकर अपूर्णांक कोटीच्या विकलक समीकरणांवर काम करत होते. ऊती मागचं तापमान काही काळ ‘लक्षात ठेवते’ असं धरून पेन्स यांचं समीकरण याच गणिताने नव्याने लिहिण्याचे प्रयत्न जगभर झाले आहेत. कण घडवणारे आणि समीकरणं सोडवणारे एकाच शहरात होते. अशा ठिकाणी एखाद्या विद्यार्थ्याने सीटी स्कॅनवरून गाठीभोवतीच्या मोठ्या वाहिन्यांचा नकाशा काढावा, बाकीच्या बारीक जाळ्यासाठी पेन्स यांचं पद ठेवावं आणि कोल्हापुरात मोजलेले वॅट त्यात घालून पाहावेत, असं मला मनापासून वाटतं. अशा हिशेबाची गरज जुनीच आहे: २०१० मध्ये युरोपात मेंदूच्या गाठींसाठी बर्लिनच्या लोहकणांच्या उपचाराला परवानगी मिळाली, तेव्हाही डॉक्टर गाठीत तापमापक घालूनच उपचार करत होते.