शिव्या वाढल्या, की मर्यादा सरकली?

वेब मालिकांमध्ये, स्टँडअप कार्यक्रमांत आणि कॉलेजच्या कट्ट्यावर शिव्या सर्रास ऐकू येतात. त्यामुळे त्यांच्याबद्दल काही समजुती पक्क्या झाल्या आहेत. त्या तपासून पाहू.

गैरसमज : पूर्वीचा समाज सोवळा होता, शिव्या ओटीटीने आणल्या.
वस्तुस्थिती : तुकोबांनी दांभिकांना झोडपताना शिवराळ शब्द टाळले नाहीत. शिमग्याला बोंब मारायची मुभा होतीच. सातारा जिल्ह्यातल्या खंडाळा तालुक्यात ‘बोरीचा बार’ भरतो. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सुखेड आणि बोरी गावच्या बायका ओढ्याच्या दोन काठांवरून एकमेकींना शिव्यांची लाखोली वाहतात. फरक इतकाच, की अशा शिव्यांना दिवस आणि जागा नेमून दिलेली होती. ते कुंपण आता मोडलं आहे.

गैरसमज : साहित्यात शिव्या आल्या त्या निव्वळ खळबळ माजवायला.
वस्तुस्थिती : १९७२ साली नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह आला. कामाठीपुऱ्याच्या परिसरातलं जगणं त्यांनी तिथल्याच भाषेत मांडलं. संग्रहाला प्रस्तावना होती विजय तेंडुलकरांची. त्याच वर्षी तेंडुलकरांचं ‘सखाराम बाइंडर’ रंगमंचावर आलं. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाशी झालेला त्याचा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि निकाल नाटकाच्या बाजूने लागला. तोवर ज्यांना छापील पानावर जागाच नव्हती, त्यांची बोली त्यांच्यासोबत पुस्तकात आणि रंगमंचावर आली.

गैरसमज : शिवी दिली की अश्लीलतेचा गुन्हा झालाच.
वस्तुस्थिती : ‘कॉलेज रोमान्स’ या वेब मालिकेवरचा फौजदारी खटला सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये रद्द केला. शिवराळ भाषा अभिरुचीहीन असेल, पण तेवढ्याने ती अश्लील ठरत नाही, असं न्यायालयाने स्पष्ट केलं. कामुक भावना चाळवणं वेगळं आणि रागाच्या भरात तोंड सोडणं वेगळं. मात्र याचा अर्थ रस्त्यात कुणालाही शिवीगाळ करायला मोकळीक मिळाली असा नाही. शांतताभंग व्हावा म्हणून मुद्दाम केलेला अपमान आणि धमकी हे आजही गुन्हेच आहेत.

गैरसमज : आता काहीही बोललं तरी चालतं.
वस्तुस्थिती : शरीर आणि संभोगाशी जोडलेले शब्द सैल झाले, तसे जातीवरून हिणवणारे शब्द आवळले गेले. एके काळी गावच्या पारावर ते बिनदिक्कत वापरले जात आणि उच्चवर्णीयांना त्यात शिवीही दिसत नसे. १९८९च्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्याने अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीचा चारचौघांत असा अपमान करणं गुन्हा ठरवलं. अपंगत्वावरून दिलेली दूषणंही आता पूर्वीसारखी हसण्यावारी नेली जात नाहीत.

तेव्हा मर्यादा संपलेली नाही, ती सरकली आहे. ऐकणाऱ्याचे कान विटाळतात का, हा जुना प्रश्न मागे पडून कुणाची माणुसकी नाकारली जाते, हा प्रश्न पुढे आला. या कसोटीवर आई-बहिणीवरच्या शिव्या अजून नीट तपासल्या गेलेल्या नाहीत. भांडण दोन पुरुषांचं असलं, तरी त्यात अब्रू काढली जाते ती तिथे नसलेल्या बाईची.