सीएनसीचा एन्कोडर थेट संगणकाला का जोडू नये?

हौसेने बनवलेल्या सीएनसी यंत्रात सर्वो मोटर किती फिरली, हे संगणकाला एन्कोडर कळवतो. त्याच्या ‘ए’ आणि ‘बी’ या दोन तारांवर स्पंद येतात. कोणता स्पंद आधी आला, यावरून दिशा कळते.

पहिला धोका व्होल्टेजचा. बरेच एन्कोडर ५ व्होल्टचा सिग्नल देतात, काही २४ व्होल्टचा. रास्पबेरी पायच्या पिना मात्र ३.३ व्होल्टच्याच असतात. त्यांना ५ व्होल्ट थेट दिले तरी चिप जळू शकते. म्हणून जोडणीआधी मल्टिमीटरने सिग्नल मोजावा.

दोघांच्या मध्ये ऑप्टोकपलर बसवतात. तो संदेश प्रकाशाने पुढे पाठवतो, त्यामुळे दोन बाजूंमध्ये विजेचा थेट संबंध राहत नाही. मात्र दोन्ही बाजूंचा वीजपुरवठा आणि ग्राउंड वेगळे हवेत. वेगही तपासावा लागतो: १,००० रेषांचा एन्कोडर मिनिटाला ३,००० फेरे घेतो तेव्हा प्रत्येक तारेवर सेकंदाला ५०,००० स्पंद येतात. एवढ्या वेगाला साधा ऑप्टोकपलर मागे पडतो. जलद प्रकारचाच घ्यावा.

स्पिंडलच्या केबलमधून येणाऱ्या विद्युत गोंगाटाने खोटे स्पंद मोजले जातात. त्यासाठी पीळ दिलेली, शील्ड असलेली केबल वापरून ती स्पिंडलच्या केबलपासून दूर ठेवावी.

एन्कोडरची तार तुटली तर मोटर थांबली आहे, असे समजून नियंत्रक तिला आणखी जोर देतो आणि मोटर सुसाट सुटते. म्हणून मोटरची वीज थेट तोडणारे आपत्कालीन बटण हाताशी असलेच पाहिजे.