पन्नास रुपयांची कावड

वृद्धांच्या जीवनमानाचा विषय निघाला की आपली वर्तमानपत्रे हमखास एकटेपणावर येऊन थांबतात. परदेशी गेलेली मुले, रिकामे फ्लॅट, वृद्धाश्रम. ते दुःख खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. पण आमच्या वस्तीतल्या म्हाताऱ्याच्या दहा बाय दहाच्या खोलीत माणसांची कमतरता नाही. कमतरता आहे ती पैशाची, औषधाची आणि जवळच्या संडासाची.

ज्याने तीस वर्षे पालिकेच्या कचेरीत काढली त्याला पेन्शन आहे. ज्याने तीस वर्षे ठेकेदाराकडे राहून त्याच पालिकेची गटारे उपसली, त्याच्या वाट्याला दमा आणि गुडघेदुखी. आणि गावाकडची शेतमजूर माय? हात चालतात तोवर ती निंदणीला जाते. तिला निवृत्त कोण करणार?

सरकार म्हणेल, श्रावणबाळ योजना आहे. आहे ना! २०२३ पासून महिना १,५०० रुपये, म्हणजे दिवसाला ५०. नाव श्रावणबाळाचे, कावड पन्नास रुपयांची! तीही वय ६५ असेल आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत असेल तर, असे नियम सांगतो. हिशेब करा. घरात दिवसाला साठ रुपये आले की म्हातारा योजनेबाहेर. केंद्राचा वाटा तर सांगायलाही लाज वाटते. ऐंशीच्या आतल्या वृद्धामागे महिना २०० रुपये, दीड दशकाहून अधिक काळ तेवढेच.

वयाच्या अटीतही जात लपलेली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या महिलाविषयक संस्थेने २०१८ च्या अहवालात नोंदवले की, दलित स्त्री उच्चवर्णीय स्त्रीपेक्षा सरासरी साडेचौदा वर्षे आधी मरते. ६५ ची अट सर्वांना सारखी; तिथवर पोचणारे सारखे नाहीत.

संविधानाच्या कलम ४१ मध्ये वृद्धापकाळी सरकारी साहाय्याचा हक्क सांगितला आहे. राज्याच्या आर्थिक कुवतीनुसार, अशी पुस्तीही आहे. सत्ताधाऱ्यांनी पुस्ती तेवढी पाठ केली आणि २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने निर्वाहाचा भार मुलांवर टाकला. नाक्यावर कामाची वाट पाहणारा मुलगा तो निर्वाहभत्ता देणार कशातून?

मागणी लावून धरायचीच आहे. तोवर विहारात दर महिन्याच्या एका रविवारी शिकलेल्या पोरांनी टेबल टाकून बसावे. वयाचा पुरावा, खात्याला आधार जोडणे, दरवर्षीचा हयातीचा दाखला, ही कामे तिथे होतील. मजुरीने झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत, तेव्हा आजीसोबत तहसील कचेरीत जाऊन साहेबासमोर उभा राहणारा कुणीतरी लागतो.