टार्टन आवडतं? मग बस्तरचं पाटा बघाच

स्कॉटलंडचं चौकटीचं टार्टन जगभर ओळखलं जातं. कलोडनच्या लढाईनंतर 1746च्या कायद्याने हायलँडमधल्या पुरुषांना ते घालायची बंदी झाली, ती 1782 मध्ये उठली. प्रत्येक कुळाची ठरलेली चौकट ही बरीचशी 19व्या शतकातली मांडणी आहे, 1822 मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला त्यानंतर जोर धरलेली.

आपल्या रायपूरहून खाली जगदलपूरकडे गेलं की असंच ओळख सांगणारं कापड भेटतं: पाटा. ते विणतात पनिका विणकर आणि नेसतात बस्तरचे आदिवासी. टार्टनसारखंच इथेही सूत आधी रंगवतात, मग मागावर चढवतात.

रंग येतो आलीच्या मुळांच्या सालीतून. हीच आपली बारतोंडी! सूत एरंडेल, शेण आणि राखेच्या पाण्यात पुन्हापुन्हा मुरवून वाळवायचं, मग सालीच्या भुकटीबरोबर उकळायचं. विटकरी लाल चढतो. हिराकस घातला की तोच काळपट कॉफी होतो. जमीन मात्र न रंगवलेल्या पांढरट सुताची. पदरावर जादा बाण्याने खेकडे, मासे, कुऱ्हाडी उमटतात. मला विचाराल तर हा खेकडा कुठल्याही चौकटीपेक्षा देखणा.

सीमेपलीकडच्या ओडिशातल्या कोटपाडच्या अशाच कापडाला 2005 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

पंडरीच्या छत्तीसगढ हाटात गेलात तर पाटा मागा. पदर उलटा करून बघा, छापील असेल तर घेऊ नका.